खसखशीएवढे शंख: आपल्या पुळणीवर कोण कोण राहतं?

पुळणवाट | रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. शंखशिंपल्यांवर इथे आधी एकदोन धागे येऊन गेलेत पण ते सगळे कवड्या, मोठे शंख, शोपीस याबद्दल होते. मला बोलायचंय ते खसखशीएवढ्या शंखांबद्दल. जे आपल्या चपलेला चिकटून घरी येतात, अंगण झाडताना केरात जातात, आणि ते शंख आहेत हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

आमच्याकडे दापोली-हर्णै पट्ट्यात ओहोटी लागली की पुळणीवर बारीक कचऱ्याची एक रेघ मागे राहते, सुकलेलं शेवाळ, कोळशाचे कण, सुरूच्या काड्या वगैरे. त्या रेघेतली मूठभर वाळू घरी आणा, गोड्या पाण्यात दोनतीनदा धुवा, सावलीत वाळवा आणि काळ्या कागदावर पसरून भिंगातून बघा. जे वाळूचे कण वाटत होते त्यातले कितीतरी चक्क पूर्ण वाढलेले शंख निघतात. पिल्लं नाहीत ही, जाणती जनावरं, ज्यांची सगळी वाढच दोन-तीन मिलिमीटरमध्ये पुरी होते. अभ्यासक लोक साधारण पाच मिमीच्या आत प्रौढ होणाऱ्यांना सूक्ष्म मृदुकाय (मृदुकाय म्हणजे शंख-शिंपल्यांचे मऊ अंगाचे प्राणी) म्हणतात, काही जण ती मर्यादा दहा मिमी धरतात.

आत्ता लिहिताना एक समोर ठेवलाय. लांबी चार मिमीच्या आसपास, रंग गुळासारखा नाही म्हणता येणार, त्याहून गडद तपकिरी, टोकाकडे निमुळता. प्रत्येक वेढ्यावर बारीक मण्यांच्या ओळी आहेत आणि त्या वरपासून खालपर्यंत कुठेही चुकलेल्या नाहीत. टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं की तोंड डावीकडे येतं. बहुतेक सगळे शंख उजवे असतात, हे ट्रायफोरा कुळ मात्र जवळजवळ सगळंच्या सगळं डावखुरं आहे. हे स्पंजावर जगतात. म्हणजे हा शंख सापडला याचा अर्थ समोरच्या खडपात, म्हणजे खडकाळ भागात, कुठेतरी स्पंज आहे. चार मिमीची वस्तू आपल्याला पाण्याखालची गोष्ट सांगते, मला याचं फार अप्रूप वाटतं.

आणि हे काही किरकोळ प्रकरण नाही. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियात कुमाक नावाच्या ठिकाणी फिलिप बुशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९५ चौरस किलोमीटर समुद्राचा कसून अभ्यास केला, तो २००२ मध्ये छापून आला. एकूण २,७३८ जातींचे मृदुकाय मिळाले, आणि त्यातल्या एक तृतीयांश जाती प्रौढ झाल्यावरही ४.१ मिमीहून लहान. पाचातली एक जात तर फक्त एकेका नमुन्यावर नोंदली गेली. म्हणजे नुसते डोळ्यांना दिसणारे शंख मोजले असते तर समुद्राचा केवढा मोठा भाग यादीबाहेर राहिला असता बघा.

आता कामाचं. गावातल्या वाचनालयाने दिवाळीच्या सुट्टीत प्रदर्शनासाठी दोन काचेची कपाटं द्यायचं कबूल केलंय. मला त्यात मोठे शंख ठेवायचेच नाहीत, फक्त हे बारीक ठेवायचेत. पण दोन मिमीची वस्तू कपाटात ठेवली तर लोकांना दिसणार काय? ठेवायची कशात, चिकटवायची का, नावं लिहायची तर कुठपर्यंत लिहायची? माहितगारांनी कृपया सविस्तर लिहा.

कातळशिल्प | रात्री १०:०५

वा, काय विषय काढलात. वाचतोय. वाचनखूण साठवली.

भिंगवाली | रात्री ११:२०

पुळणवाट, धागा बघून फार आनंद झाला. मी भूशास्त्रातली, पुण्यात असते, सूक्ष्मजीवाश्म हा माझा विषय त्यामुळे बारीक वस्तू हाताळायच्या कशा यावर थोडं बोलू शकते.

आधी वाळूचे आकाराप्रमाणे गट करा. लॅबमधल्या चाळण्यांचा संच नसेल तर घरातली रव्याची चाळण, मैद्याची चाळण आणि चहाची गाळणी यावर काम भागतं. एकाच आकाराचे कण एका वेळी बघितले की डोळा पटकन सरावतो, सगळं मिसळून बघितलं तर तासाभरात डोकं दुखतं. दुसरी युक्ती म्हणजे तरंगवणे. वाळू अगदी कोरडी ठणठणीत झाली की ती पसरट भांड्यातल्या पाण्यात हळूहळू सोडायची, रिकाम्या शंखांत हवा अडकलेली असते त्यामुळे बरेच वर तरंगतात, ते कागदाच्या पट्टीने उचलून घ्यायचे. सगळे नाही येत वर, खाली बसलेलंही बघायचंच.

उचलायला चिमटा वापरू नका. दोन मिमीचा शंख चिमट्यातून उडाला की गेला, किंवा फुटला. ट्रिपल झिरो नंबरचा पेंटिंगचा ब्रश घ्या, टोक किंचित ओलं करा आणि शंखाला नुसतं टेकवा, तो आपोआप ब्रशला लागून येतो.

एक महत्त्वाचं. वाळूत जे जे गोल गोल वेटोळं दिसेल ते सगळं शंख नाही. आपल्या किनाऱ्यावर, खाड्यांच्या तोंडाशी तर जास्तच, फोरॅमिनिफेरा असतात. हे एकपेशीय जीव, पण कवच असं वेढ्याचं करतात की पहिल्यांदा बघणारा हमखास शंखच म्हणतो. फुटलेला नमुना शोधा. शंख आतून तोंडापासून टोकापर्यंत एक सलग पोकळी असतो, फोरॅमच्या आत पडदे घालून वेगवेगळ्या खोल्या केलेल्या असतात. एकदा हा फरक बघितला की पुन्हा गोंधळ होत नाही.

ठेवण्यासाठी आमच्या स्लाइड्स बघा. पुठ्ठ्याची पट्टी, मध्ये काळा खळगा, वरून काचेची पट्टी सरकते. पांढरे शंख काळ्यावर उठून दिसतात. चिकटवायचं तर ट्रॅगाकँथ डिंकाचा पातळ थेंब, तो पाण्याने सुटतो. फर्निचरचा पांढरा गोंद अजिबात नको, का ते दुसरं कुणीतरी लिहीलच.

समिंदर | सकाळी ७:१५

भिंगवालीताई छान माहिती. मी वेसाव्याचा, घरचा धंदा मासेमारीचा. पुळणीवरचे शंख लाटांनी झिजलेले असतात, तुम्हाला चांगले पाहिजे तर बोटी लागतात तिथं बघा. जाळं झटकलं की खाली जो गाळकचरा पडतो त्यात खोल पाण्यातले बारीक शंख शिंपल्या असतात, चकचकीत, रंग शाबूत. तो कचरा तसाही फेकायचाच असतो, विचारून घेतलात तर कोणी नाही म्हणणार नाही. आणि लेपा साफ करताना पोट बघा कधी, तळाला चरणारा मासा आहे, पोटात बारीक शिंपल्या मिळतात. आमची आई कोयत्यावर मासळी कापताना काढून दाखवायची आम्हाला.

फक्त बोट कुठल्या बाजूला आणि किती वाव खोल पाण्यात गेली होती ते तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारून लिहून घ्या. नायतर तो शंख कुठला ते देवालाच ठाऊक.

पुळणवाट | सकाळी ८:३०

समिंदरदादा, हे तर सोनं दिलंत. हर्णै बंदरावर रोज लिलाव होतो, तिथे विचारतो. आणि तुमचं शेवटचं वाक्य मी प्रदर्शनात मोठ्या अक्षरात लावणार आहे.

निसर्गवेडा_ठाणे | सकाळी १०:५०

विषय चांगला आहे पण मला एक शंका आहे, रागावू नका. शंख गोळा करायचाच कशाला? फोटो काढा आणि तिथेच सोडा. किनारे आधीच ओरबाडले जातायत, त्यात आपण शाळकरी मुलांना गोळा करायला शिकवायचं हे मला पटत नाही. दुसरं म्हणजे हे कायद्यात बसतं का?

खाडीकाठ | सकाळी ११:४५

कायद्याचं मी सांगते, वनखात्याच्या कामाशी थोडा संबंध येतो म्हणून.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २००१ मध्ये समुद्री शंखांच्या काही जाती घातल्या गेल्या. मोठा कासिस कॉर्नुटा, कॅरोनिया ट्रायटोनिस, नॉटिलस, ट्रायडॅक्ना म्हणजे ते प्रचंड शिंपले, असे बरेच. गोव्यात जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जे पातळ अर्धपारदर्शक शिंपले लावलेले दिसतात ना, तेही त्या यादीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी झालीय त्यामुळे जुन्या यादीवर विसंबू नका, नवी बघा. या जाती मेलेल्या सापडल्या तरी घरी आणायच्या नाहीत. बारीक शंखांतलं यात माझ्या बघण्यात काही नाही.

पण जागा महत्त्वाची. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालंय, तिथून वाळूची मूठसुद्धा उचलायची नाही. परवानगी लागते, ती संशोधनासाठी संस्थेमार्फत मिळते. मुलांना हे आधी शिकवा, नंतर भिंग हातात द्या.

भिंगवाली | दुपारी १२:३०

निसर्गवेडा, तुमची तळमळ पटते. मोठ्या शंखांच्या बाबतीत मी शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे, कवडी जिवंत असताना उचलून उकळून विकणारे लोक मी पाहिलेत आणि ते थांबायलाच हवं. रिकाम्या शंखात संन्यासी खेकडे राहतात, तेही खरं, आणि त्यांची पिल्लं बारीक शंखातही असतात म्हणून वाळू उचलायच्या आधी थोडा वेळ नुसतं बघत बसायचं, काही चालतंय का. चालत असेल तर ती जागा सोडायची.

पण सूक्ष्म शंखांची गंमत अशी की किनाऱ्यावर फोटो काढून त्याची ओळख पटतच नाही. टोकाचा पहिला वेढा, तोंडाच्या आतला एखादा दात, वेढ्यांमधल्या रेघा, हे सगळं मायक्रोस्कोपखाली फिरवून बघावं लागतं, आणि बऱ्याच वेळा जात पक्की करायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो. शिवाय उद्या कुणी म्हणालं की ही ओळख चुकीची आहे तर पडताळायला वस्तू पाहिजे ना समोर. भरतीच्या रेघेतली मूठभर मेलेली वाळू, तीही जागेच्या नोंदीसकट, याने किनारा ओरबाडला जात नाही. जिवंत शेवाळ उपटून बादलीत झटकणं ही पद्धत काही अभ्यासक वापरतात, ती मुलांच्या उपक्रमात नको.

निसर्गवेडा_ठाणे | दुपारी १:१०

मेलेली वाळू, मूठभर, नोंदीसकट, अभयारण्याबाहेर. एवढं असेल तर माझा विरोध नाही. प्रदर्शनात हा नियमच पहिल्या पाटीवर लावा ही विनंती.

पुळणवाट | दुपारी १:२५

लावतो, नक्की. आणि शंका विचारल्याबद्दल मनापासून धन्यवाद, ही चर्चा व्हायलाच हवी होती.

थेम्सकाठची_मराठी | दुपारी ४:००

मी सध्या ब्रिटनमध्ये असते. या विषयाचा आपल्याशी किती जुना संबंध आहे ते बघा.

१८९३ मध्ये मँचेस्टरच्या जेम्स कॉस्मो मेलविल यांनी मुंबईच्या किनाऱ्यावरच्या पंचवीस नव्या शंख-शिंपल्यांची वर्णनं छापली. ते शंख गोळा केले होते अलेक्झांडर ॲबरक्रॉम्बी यांनी, आणि त्याच सुमारास दोघांनी मिळून मुंबईच्या मृदुकायांची यादीही केली. त्यात बारीक शंखांचा भरणा मोठा आहे. दुसरे एक कॅप्टन फ्रेडरिक टाउनसेंड. हे समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबल दुरुस्त करणाऱ्या पॅट्रिक स्टुअर्ट नावाच्या जहाजावर होते, कराची, मकरान, इराणचं आखात असा सगळा पट्टा. काम करता करता तळातला गाळ काढून त्यातले शंख जपून ठेवायचे आणि मँचेस्टरला पाठवायचे. मेलविल आणि त्यांचे सहकारी स्टँडन यांनी १९०१ मध्ये त्यावर इराणचं आखात, ओमानचं आखात आणि अरबी समुद्र यांची मोठी यादी छापली, आजही आपल्या बाजूच्या समुद्रावर काम करणाऱ्याला ती उघडावीच लागते.

मेलविल यांचा संग्रह पुढे टॉमलिन या शंख-अभ्यासकाकडे गेला आणि टॉमलिन यांनी तो वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिला. आज तो कार्डिफला मेलविल-टॉमलिन संग्रह म्हणून आहे, दहा लाखांहून जास्त शंख. म्हणजे मुंबईच्या वाळूतल्या कणांची ओळख करायची तर अजूनही इकडचे कप्पे उघडावे लागतात. मला हे वाचून वाईट वाटतं आणि जिद्दही येते. आपल्याकडे आपल्या किनाऱ्याचा असा बारीक शंखांचा संग्रह गावागावात का असू नये?

कातळशिल्प | दुपारी ४:४०

जबरदस्त. केबल दुरुस्त करता करता शंख! मग मुंबईत नंतर कुणी केलंच नाही का?

थेम्सकाठची_मराठी | संध्याकाळी ५:१५

केलं की. सुब्रह्मण्यम, करंदीकर आणि मूर्ती यांनी १९५० च्या आगेमागे मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मुंबईच्या शिंपल्यांवर आणि शंखांवर लेखमाला लिहिली. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) १८८३ पासून आहेच, आणि तुमच्या जवळ म्हणाल तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. अलीकडे २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबईचे लोक ओहोटीत किनाऱ्यावर फिरवून आणतात, त्यांच्यामुळे गिरगाव-हाजीअलीच्या खडपात काय काय आहे ते सामान्य माणसाला कळायला लागलं. पण दोन मिमीच्या जगाकडे अजून फार थोडे बघतात.

निवृत्त_प्राध्यापक | संध्याकाळी ७:३०

भिंगवालीताईंनी पांढरा गोंद नको म्हटलंय, त्याचं कारण मी सांगतो कारण हे मी जवळून पाहिलंय.

मी प्राणीशास्त्र शिकवायचो. एका कॉलेजात, नाव घेत नाही, जुना शंखसंग्रह होता, सुंदर लाकडी कपाट, मखमल, कापूस, सगळं थाटात. बरीच वर्षं कुणी उघडलं नव्हतं. उघडलं तेव्हा आंबूस वास आला आणि शंखांवर पांढरी भुकटी. शिपाईमामा म्हणाले बुरशी आहे, पुसून काढू. ती बुरशी नव्हती. मोठ्या शंखांची नुसती झळाळी गेली होती पण काचेच्या नळ्यांत कापसात ठेवलेले बारीक शंख होते त्यांच्या जागी फक्त पांढरी पूड आणि लेबल. लेबलावर शाईने सुंदर अक्षरात गाव आणि तारीख, आणि शंखच नाही.

याला बाइनचा रोग म्हणतात. लॉफ्टस बाइन यांनी १८९९ मध्ये यावर लिहिलं, त्यांना वाटलं जीवाणूंमुळे होतं. तसं नाही, ही सरळ रसायनाची गोष्ट आहे. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, साधा पुठ्ठा, फर्निचरचा गोंद, काही रंग यातून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ हळूहळू सुटत राहते. ओक तर त्यात बदनामच आहे. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बंद कपाटात दमट हवेत ती वाफ साठली की शंखाच्या पृष्ठभागावर क्षार तयार होतात, तीच ती पांढरी पूड. शंख जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने जास्त, म्हणून बारीक शंख आधी संपतो. कोकणातला पावसाळा आणि बंद लाकडी कपाट, याहून वाईट जोडी नाही.

एकदा पूड धरली की गेलेलं परत येत नाही. शंख डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुवून, पूर्ण वाळवून, ठेवण्याची जागा बदलली तर पुढचं नुकसान थांबतं एवढंच. म्हणून आधीपासून: समुद्राचं मीठ पूर्ण जाईपर्यंत गोड्या पाण्यात धुवा. व्हिनेगर किंवा बाथरूम साफ करायचं ॲसिड लावून शंख चकचकीत करतात काही लोक, बारीक शंख त्यात विरघळून जाईल. कायमचं ठेवायला स्टीलचं कपाट, आम्लविरहित कागद, छोट्या प्लॅस्टिकच्या डब्या. परदेशात रिकाम्या जिलेटिन कॅप्सूल वापरतात, त्या आपल्या दमट हवेत मऊ पडतात, त्यापेक्षा डबी बरी. कापूस नको, धागे शंखाच्या नक्षीत अडकतात आणि काढताना शंख तुटतो.

वाचनालयाच्या लाकडी कपाटात दिवाळीपुरतं ठेवलंत तर काही बिघडत नाही. संपल्यावर मात्र तिथेच कुलूप लावून विसरू नका.

पुळणवाट | रात्री ८:१०

सर, हे वाचून अंगावर काटा आला. लेबल शाबूत आणि शंख नाही.

निवृत्त_प्राध्यापक | रात्री ८:४५

उलटं त्याहून जास्त घडतं बरं का. शंख शाबूत आणि लेबल नाही. घराघरात बरण्या भरून शंख असतात, कुठले म्हणाल तर "गोव्याहून आणलेले बहुतेक". अभ्यासाच्या दृष्टीने ते शंख मुके. समिंदर यांनी तांडेलाला विचारून घ्या म्हटलं, ते संग्रहशास्त्राचं पहिलं सूत्र आहे आणि त्यांनी ते कुठल्याही पुस्तकाशिवाय सांगितलं.

लेबलावर किमान इतकं हवं: गाव आणि किनाऱ्याचा नेमका भाग, तारीख, कशात सापडलं म्हणजे भरतीची रेघ की जाळ्याचा गाळ की खडपातलं डबकं, आणि कुणी वेचलं. जातीचं नाव शेवटी, आणि ते पेन्सिलीने, कारण नाव बदलतं, जागा बदलत नाही. बॉलपेन आणि जेलपेनची शाई दमट हवेत पसरते किंवा उडते. लेबल डबीच्या बाहेर चिकटवू नका, आत शंखासोबत ठेवा.

आईची_धावपळ | रात्री ९:३०

माझा मुलगा सहावीत आहे, हा धागा मी त्याला वाचून दाखवला आणि आज आम्ही गुहागरहून आणलेली वाळू पसरून बसलोय. त्याचा प्रश्न आहे की हा लहान शंख मोठ्या शंखाचं बाळ आहे की हा एवढाच असतो, कसं ओळखायचं? मला उत्तर देता आलं नाही.

भिंगवाली | रात्री १०:२०

त्याला सांगा की हा प्रश्न मोठमोठ्या अभ्यासकांनाही पडतो, आणि अगदी योग्य प्रश्न विचारलाय.

वेढे मोजायचे, हे पहिलं. बाळशंखाला दोन-अडीच वेढे असतात, प्रौढाला त्याच लांबीत पाच, सहा, सात वेढे बसवलेले असतात. मग तोंडाची कड बघायची. वाढणाऱ्या शंखाची कड पातळ, कुरतडल्यासारखी, कारण तिथे अजून बांधकाम चालूच असतं. वाढ थांबली की बऱ्याच जातींमध्ये कड जाड होते, कधी बाहेरून एक उंचवटा येतो, कधी आत दात फुटतात. रिसोइना नावाच्या बारीक शंखांमध्ये ती जाड कड फार छान दिसते. आपल्या पुळणीवर अंबोनियमचे चपटे गुळगुळीत शंख भरपूर असतात, त्यांची बाळं तुमच्या वाळूत नक्की असणार, मोठं अंबोनियम शेजारी ठेवून ताडून बघा.

आणि आता टोक दाखवा त्याला, यात खरी मजा आहे. शंखाचं अगदी वरचं टोक म्हणजे त्या जनावराचं अळीपणीचं घर, ते पुढे वाढत नाही, तसंच टोकावर राहतं. टोक बारीक आणि अनेक वेढ्यांचं असेल तर ती अळी बरेच दिवस समुद्रात तरंगत, खात फिरली असणार. टोक मोठं, ढबोळं, एक-दीड वेढ्याचं असेल तर ते पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर तिथेच रांगायला लागलं, तरंगलंच नाही. म्हणजे जनावर मेलंय, शरीर नाही, तरी त्याचं बालपण कसं गेलं ते टोकावर लिहिलेलं आहे. पिरामिडेला कुळात तर हे टोक बाकीच्या शंखाला आडवं, कलंडलेलं असतं, तेवढ्यावरून कुळ ओळखता येतं. हे दुसऱ्या शंखांना आणि समुद्री कृमींना सोंड खुपसून त्यांचा रस पिऊन जगतात.

एखादी थोडीशी वाकडी, दोन्ही बाजूंनी तुटल्यासारखी नळी सापडली तर फेकू नका. ते सीकम. बाळपणी त्याला नेहमीसारखा वेढा असतो, मोठं होताना तो टाकून देतं आणि भोकाला बूच लावून पुढे नळीतच राहतं.

आईची_धावपळ | रात्री १०:५५

सीकम सापडलंय!!! दोन आहेत. त्याला झोपवायचं कसं आता.

सह्याद्रीवाला | रात्री ११:३०

जरा अवांतर. हे फक्त समुद्रात नाही हां. घाटातल्या देवराईत पावसाळ्यानंतर पालापाचोळा चाळून बघा, कॅलिएला वगैरे दोन-तीन मिमीच्या गोगलगायी मिळतात. २०२२ मध्ये व्हिएतनाममधून अँगुस्टोपिला सॅमिऑन नावाची गोगलगाय नोंदली गेली, शंखाची उंची साधारण अर्धा मिमी. समुद्रातला अमोनिसेरा नावाचा शंखही अर्ध्या मिमीच्या आसपास. यापुढे लहान व्हायला जागा तरी किती उरते?

फ्रेमकार | सकाळी ९:००

पुळणवाट, तुमच्या मूळ प्रश्नाकडे कुणी आलंच नाही, मांडणी. प्रदर्शनं उभी करणं हा माझा व्यवसाय आहे.

लोकांना वस्तू आणि फोटो दोन्ही द्या, पण आधी वस्तू. काळ्या कागदावर एक शंख, एकच, आणि त्याच्यासमोर योग्य अंतरावर पक्कं बसवलेलं भिंग. हातात भिंग दिलं तर निम्मे लोक चुकीच्या अंतरावर धरतात आणि काही दिसलं नाही म्हणून पुढे जातात. १० पटीचं घड्याळजीचं भिंग स्टँडवर फिक्स करा, मुलांच्या उंचीवर, खाली मोठ्यांनी वाकावं. प्रकाश एका बाजूने, तिरका, छोटा एलईडी. समोरून सरळ प्रकाश टाकलात तर नक्षी सपाट होऊन जाते. त्या शंखाच्या मागे त्याचाच मोठा फोटो, ए-थ्री, फोटोत एक मिलिमीटरची रेघ हवीच, नाहीतर माणूस फोटोतला शंख हाताएवढा समजून घरी जातो.

फोटो मोबाइलला मॅक्रो क्लिप लावून निघतात, पण इतक्या जवळून शंखाचा एकच पातळ भाग फोकसमध्ये येतो. मोबाइल स्टँडवर ठेवून फोकस थोडा थोडा सरकवत वीस-तीस फोटो घ्या आणि सॉफ्टवेअरने एकत्र जोडा, झेरीन किंवा हेलिकॉन. फोल्डस्कोप हा कागदी मायक्रोस्कोप आहे कुणाकडे तर तो इथे फारसा उपयोगी नाही, तो खालून प्रकाश आरपार जाणाऱ्या गोष्टींसाठी, शंख अपारदर्शक. याला कमी मोठं करणारा पण वरून प्रकाश घेणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप लागतो, जवळच्या शाळा-कॉलेजात असतो, प्रदर्शनापुरता मागून बघा.

आणि गर्दी करू नका. दोन कपाटात दहा-बारा शंख पुरेत. प्रत्येकाला एक ओळ, तो काय खातो ते लिहा. स्पंज खाणारा, दुसऱ्याचा रस पिणारा, शेवाळावर चरणारा. लॅटिन नाव खाली बारीक अक्षरात.

पुळणवाट | सकाळी ९:४५

फ्रेमकार, हेच पाहिजे होतं. आता असं ठरवतोय: पहिल्या कपाटात न निवडलेल्या वाळूची एक बशी आणि शेजारी त्याच वाळूतून निघालेले शंख, कुळाप्रमाणे. दुसऱ्यात बसवलेली भिंगं. आणि बाहेर टेबलावर वाळू, ब्रश, काळे कागद ठेवून मुलांनी स्वतः शोधायचं, सापडलं तर लेबल लिहूनच डबीत. ती सगळी लेबलं आणि डब्या मी जपणार, ओळख आत्ता कुळापर्यंतच, जातीचं नाव जाणकारांनी बघितल्याशिवाय लिहिणार नाही. आकुर्डीला पत्र लिहितोय.

रत्नदुर्ग | सकाळी ११:२०

उशिरा आलो. आमच्या रत्नागिरी बाजूला काही पुळणींवर वाळू काळी आहे, इल्मेनाइट या काळ्या खनिजाची. काळ्या कागदावर काही कळतच नाही, आणि पांढऱ्यावर टाकलं तर शंखच हरवतात. काय करू?

भिंगवाली | सकाळी ११:५०

आधी वाळू पूर्ण कोरडी करा. मग चांगला जोरकस चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळूवरून हलके फिरवा, मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइटचे बरेच काळे कण पिशवीला चिकटून येतील, पिशवी उलटी केली की ते वेगळे पडतात. असं चार-पाचदा करा. उरलेलं निळ्या किंवा गडद हिरव्या कागदावर पसरा, त्यावर काळे कणही दिसतात आणि पांढरे शंखही. आणि चुंबकाने काढलेला ढीग लगेच फेकू नका, त्यातही भिंग फिरवा, काळ्या कणांबरोबर एखादा बारीक शंख ओढला गेलेला असतो. लेबलावर वाळू काळी होती हेही लिहा.

रत्नदुर्ग | दुपारी १२:०५

चुंबक आहे घरी, जुन्या स्पीकरचा. आज संध्याकाळी ओहोटी आहे, जातोच.